ओटीपोटातली कळ

सुरतेच्या जुन्या शहराला दोन तट होते. बाहेरचा तट, आलमपनाह, अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला आणि त्याच्या उत्तर अंगाला कतारगामचा दरवाजा होता. दरवाजापलीकडे तापीकाठची शेती, वाड्या आणि ती पापडी, जिच्यावाचून सुरती माणूस आजही उंधियूला उंधियू म्हणत नाही. बाजारात ती गावाच्या नावानिशीच मागतात : कतारगामची पापडी. १८९५ साली तिशीची एक मराठी डॉक्टर सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची प्रमुख म्हणून आली, तेव्हा कतारगाम हे असे भाजीपाल्याचे गाव होते. घंट्यांवर हिरे घासणारे कारखाने, साड्यांची गोदामे, जीआयडीसीचे गाळे हे सगळे पुढचे.

डॉक्टरचे नाव रखमाबाई. पुढची सुमारे बावीस वर्षे त्या सुरतेत राहिल्या.

स्त्रीच्या एका विशिष्ट दुखण्याचा इतिहास लिहायचा तर तो याच शहरापासून सुरू करावा लागतो. मनात इच्छा जागी होते, शरीर तापू लागते, आणि त्याच वेळी ओटीपोट जड होऊन दुखायला लागते. कधी जांघेकडे उतरणारी कळ येते, कधी कंबरेत खोल ठणका बसतो. समागम झालाच पाहिजे असेही नाही, नुसत्या जवळिकीनेही ते सुरू होते आणि तासन्‌तास राहते. सोनोग्राफी होते, लघवीची तपासणी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो. मग बाईला सांगतात, काही नाही, टेन्शन घेऊ नका.

ताप आला हे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. हे दुखणे सांगायचे तर आधी आपल्याला इच्छा होते, हेच कबूल करावे लागते. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईलाही ते वाक्य डॉक्टरसमोर, सासू बाहेरच्या बाकावर बसलेली असताना, उच्चारणे जमत नाही. या दुखण्याला ‘अकारण’ म्हणतात त्यामागे शरीरशास्त्राइतकाच हा अडसर आहे, आणि तो दूर व्हायला किती माणसे, किती वर्षे आणि किती कोर्टकचेऱ्या लागल्या हे पाहण्यासारखे आहे.

जुन्या वैद्यकाला हे ठाऊकच नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदे, म्हणजे स्त्रीच्या जननेंद्रियांचे वीस विकार, सांगितले आहेत. त्यातला प्राक्चरणा हा विकार फार लहान मुलीशी समागम केल्याने होतो; पाठ, कंबर, मांड्या आणि जांघा दुखतात, असे लक्षण दिले आहे. परिप्लुता या विकारात योनीला सूज येते, स्पर्श सहन होत नाही, कटी आणि जांघा दुखतात, ताप येतो. आजची स्त्रीरोगतज्ज्ञ हे वाचून लगेच गर्भाशय-नलिकांच्या संसर्गाचा विचार करेल. चरकाने कारण दिले आहे ते वेगळेच : पित्तप्रकृतीच्या स्त्रीने समागमाच्या वेळी शिंक किंवा ढेकर दाबून धरली तर हे होते. कारण बाजूला ठेवले तरी लक्षणांचे वर्णन अचूक आहे. कुणीतरी बाईचे म्हणणे ऐकल्याशिवाय ते लिहिता आले नसते.

पण त्याच अध्यायात अचरणा नावाचा विकार आहे. अस्वच्छतेमुळे जंतू होतात, खाज सुटते, आणि त्या खाजेमुळे स्त्रीला पुरुषाची अति इच्छा होते, असे तिथे म्हटले आहे. स्त्रीची इच्छा त्या यादीत आली ती जंतूंची करणी म्हणून, रोगाचे लक्षण म्हणून. वेदना ओळखणारे शास्त्र इच्छेपाशी आले की असे अडखळते, आणि हे फक्त आपल्याकडे झालेले नाही. अमेरिकेचा जे. मॅरियन सिम्स, ज्याला तिकडे बराच काळ स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हटले गेले, त्याने १८४५ ते १८४९ या काळात अलाबामात गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यांपैकी तिघींची नावे टिकली आहेत. समागमाच्या वेळी योनिमार्गाचे स्नायू आपोआप आवळले जाण्याच्या विकाराला ‘व्हजायनिस्मस’ हे नावही १८६१ साली त्यानेच दिले. त्याचा उपाय चिरफाडीचा होता. समागम असह्य होणाऱ्या एका बाईला डॉक्टर नेमाने घरी येऊन ईथरची भूल देत असे आणि मग नवरा तिच्यापाशी जात असे, ही हकीकतही त्याने आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. मूल व्हावे हा हेतू होता. बाईला काय वाटते हा प्रश्न भूल दिल्यावर उरतच नव्हता.

रखमाबाई वैद्यकीकडे वळल्या त्या काळातले वैद्यक हे असे होते.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सखाराम अर्जुन हे डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक, मराठीतून वैद्यकावर लिहिणारे. अशा घरात वाढलेल्या मुलीचे अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झाले, पण ती नांदायला गेली नाही. १८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला : बायकोने येऊन नांदावे. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. लहानपणी, संमतीविना लग्न झालेल्या आणि कधीच न नांदलेल्या बाईला पकडून नवऱ्याच्या हवाली करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. अपिलात तो निकाल फिरला आणि ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

या तारखेच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत बाळाचा मृत्यू, आणि त्यातून डॉक्टर होण्याचा निश्चय. १८८३ साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, केलेल्या भाषणात त्यांनी हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे ते मांडले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला वैद्यक शिकताना त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. एका आठवड्यात एक मराठी डॉक्टर गेली आणि दुसरी होऊ घातलेली तुरुंगाच्या दारात उभी राहिली. मराठी स्त्रीच्या वैद्यकीय इतिहासात इतका दाटलेला आठवडा दुसरा नाही.

खटला जुलै १८८८ मध्ये तडजोडीने मिटला. दादाजींना दोन हजार रुपये मिळाले. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांच्या पाठबळाने रखमाबाई १८८९ साली लंडनला गेल्या आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकल्या. सोफिया जेक्स-ब्लेकने १८७४ साली ती शाळा काढली ती ब्रिटनमधली इतर वैद्यकीय दारे बायकांना बंद होती म्हणून.

रखमाबाईंच्या खटल्यात एक गोष्ट कोर्टापुढे आलीच नाही : बाईचे शरीर. सगळा वाद हक्काचा होता, लग्न संस्कार की करार याचा होता. शरीराचा प्रश्न दोन-तीन वर्षांनी बंगालमधून आला. सुमारे अकरा वर्षांची फूलमणी पस्तिशीच्या नवऱ्याने केलेल्या समागमानंतर रक्तस्राव होऊन मेली. १८९० साली नवऱ्यावर खटला चालला. मुलगी दहा वर्षांच्या पुढची असल्याने कायद्याने तो बलात्कार ठरेना, आणि एक वर्षाच्या सक्तमजुरीवर तो सुटला. त्याच वर्षी हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासहून अधिक स्त्री डॉक्टरांनी सरकारकडे अर्ज केला. त्यात त्यांनी स्वतः पाहिलेल्या बालवधूंच्या इजा एकेक करून लिहिल्या होत्या. प्राक्चरणेच्या त्या जुन्या वर्णनातला अंधुक आकार इथे पहिल्यांदा माणसांच्या रूपाने सरकारी कागदावर उतरला. १९ मार्च १८९१ रोजी संमतिवयाचा कायदा झाला आणि वय दहावरून बारावर गेले. महाराष्ट्रात त्यावरून केवढे रण माजले, टिळकांचा ‘केसरी’ सरकारी हस्तक्षेपाविरुद्ध कसा उभा राहिला, हे शाळेच्या पुस्तकातही असते. स्त्री डॉक्टरांच्या त्या अर्जाला मात्र एखादी ओळ मिळते.

कायद्याला इजा दिसली. रक्त वाहिले, हाड मोडले, जीव गेला, की कायदा बघतो. ज्यात काहीच वाहत नाही, काही मोडत नाही, ते दुखणे त्याच्या नजरेच्या टप्प्यात नव्हते.

रखमाबाई १८९४ मध्ये परतल्या, काही काळ कामा हॉस्पिटलमध्ये राहिल्या आणि पुढच्या वर्षी सुरतेला आल्या. बायका रुग्णालयात बाळंतपणाला यायला भीत, म्हणून त्यांनी एका गाभण शेळीला रुग्णालयात आणून तिची सुटका करून दाखवली, अशी गोष्ट सांगतात. पडद्यातल्या बायका, पुरुष डॉक्टरसमोर नाडीसाठी मनगटही पुढे न करणाऱ्या बायका, त्यांच्याकडे येऊ लागल्या. मुंबईच्या मराठी घरातली बाई सुरतेत ‘पेडू’त दुखते हे गुजरातीत ऐकू लागली. दादाजी १९०४ मध्ये वारले, तेव्हा जिच्यावर नवरा नाकारल्याचा शिक्का होता तिने विधवेचे पांढरे लुगडे नेसले. तिच्या चाहत्यांना ते आजही कोड्यात टाकते. मला त्यात एक व्यावहारिक शहाणपण दिसते : सुरतेच्या सनातनी घरांत आत जायचे तर त्या वेषाने दार उघडत होते. १९०७ साली बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर यांनी विधवांसाठी वनिता विश्राम काढले तेही याच शहरात. डॉक्टर, विधवा, शिक्षिका अशा बायकांचे एक जाळे सुरतेत विणले जात होते, आणि बाईने बाईला काही सांगावे अशा जागा तयार होत होत्या.

तरी त्या काळच्या स्त्री-रुग्णालयांच्या अहवालांत मोजदाद होती ती बाळंतपणांची, शस्त्रक्रियांची, तापांची. इच्छेबरोबर उठणाऱ्या कळेला तिथे रकाना नव्हता. तो असावा असे म्हणण्यासाठी आधी कुणीतरी असे म्हणायला हवे होते की बाईला इच्छा असते, ती निरोगी असते आणि तिच्याविषयी छापून बोलता येते.

हे म्हणणारा माणूस गणिताचा प्राध्यापक निघाला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी विल्सन कॉलेजची नोकरी गेली, आणि जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. पत्नी मालतीबाई सोबत होत्या. कामसुखावर स्त्रीचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे ते पुन्हा पुन्हा आणि कसलाही आडपडदा न ठेवता लिहीत. वाचकांचे प्रश्न छापत, उत्तरे देत. १९३४ साली त्या प्रश्नोत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कोर्टाने दंड केला. वाचकाचा शारीरिक प्रश्न आणि त्याचे शास्त्रीय उत्तर हा तेव्हा गुन्हा ठरला, आणि त्या गुन्ह्याच्या बाजूने उभे राहायला आंबेडकर आले. कर्व्यांच्या ऋणातून मराठी समाज आजही मोकळा झालेला नाही असे मला वाटते. त्यांची जन्मशताब्दी झाली, त्यांच्यावर चित्रपट निघाला, पण त्यांनी मागितलेला मोकळेपणा दवाखान्याच्या खोलीत अजून पोहोचायचा आहे.

शरीरात होते काय, हे मधल्या काळात पाश्चात्त्य प्रयोगशाळांतून हळूहळू उलगडत गेले. १९४९ साली अमेरिकेचे हॉवर्ड टेलर यांनी ओटीपोटातल्या रक्तवाहिन्या तुंबण्यावर लेख लिहिले. निरीक्षण मोलाचे होते, पण त्यांनी त्याचा संबंध मनाच्या ताणाशी लावला आणि पुढची तीसेक वर्षे असे दुखणे घेऊन आलेल्या बाईची रवानगी मनोविकाराच्या खात्यात होत राहिली. १९६६ मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन यांचे पुस्तक आले. त्यांनी प्रत्यक्ष मोजून दाखवले की कामोत्तेजना म्हणजे आधी रक्ताची भरती : ओटीपोटातल्या शिरा भरतात, ऊती फुगतात, गर्भाशय थोडे वर उचलले जाते, आसपासचे स्नायू ताणले जातात. उत्कर्षबिंदू आला तर हे रक्त काही मिनिटांत ओसरते. तो आला नाही तर ओसरायला बराच वेळ लागतो आणि तोवर जडपणा, ठणका राहतो. निरोगी स्त्रीलाही हे होऊ शकते. ज्या समाजात नवऱ्याचे झाले की संपले असे मानले जाते, तिथे कितीजणींनी हा ठणका रात्रभर उशीला धरून काढला असेल!

मग लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या बिअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. ज्यांच्या दुखण्याला दुर्बिणीतूनही कारण सापडले नव्हते अशा बायकांच्या ओटीपोटातल्या शिरांमध्ये त्यांनी रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रे काढली, आणि अनेकींच्या शिरा फुगलेल्या, रक्त साचलेल्या दिसल्या. पायाच्या शिरा फुगतात तशाच, फक्त आत, नजरेआड. म्हणून हे दुखणे उभे राहिले की वाढते, आडवे झाले की कमी होते, दोन-तीन बाळंतपणांनंतर जास्त दिसते, आणि संबंधानंतर तासन्‌तास रेंगाळते. आडवे झोपवून केलेल्या साध्या सोनोग्राफीत या शिरा रिकाम्या होतात आणि निसटतात. पस्तीस वर्षे जिच्या दुखण्याला मनाचा खेळ म्हटले, ती बाई खरे सांगत होती.

शिरा हे एकच कारण नव्हे. गर्भाशयाचे अस्तर बाहेर, अंडाशयावर किंवा मागच्या पोकळीत रुजते तो एंडोमेट्रिओसिस. १८६० मध्ये रोकिटान्स्कीने त्याचे वर्णन केले, सॅम्पसनने १९२० च्या दशकात त्याला नाव दिले, आणि आजही निदानाला अनेकींची सात-आठ वर्षे जातात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायम आवळलेले राहिले तर उत्तेजनेच्या वेळी ते आणखी आवळतात आणि गोळा येतो. जुना संसर्ग, आपल्या देशात गर्भनलिकांचा क्षय, सिझेरियननंतर आत चिकटलेल्या ऊती, दुखरे मूत्राशय, दबलेली नस : यातले काहीही असू शकते आणि दोन-तीन एकत्रही असू शकतात. एवढे असूनही मनोविकारांच्या २०१३ सालच्या अमेरिकी वर्गीकरणात जननेंद्रिय आणि ओटीपोटाच्या वेदनेचा जो विकार आहे, त्याची व्याख्या प्रवेशाच्या वेळच्या वेदनेभोवती बांधलेली आहे. प्रवेशाआधी, नुसत्या उत्तेजनेने दुखणाऱ्या बाईला त्या व्याख्येतही धड जागा नाही.

महाराष्ट्रात मोजदाद पहिल्यांदा झाली ती गडचिरोलीला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची पूर्ण तपासणी करून त्यांनी निष्कर्ष जानेवारी १९८९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापले : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, सरासरी एकीला ३.६ आजार होते, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर जगभरच्या आरोग्यखात्यांचा समज होता की खेड्यातल्या बाईला गर्भारपण आणि नसबंदी एवढीच डॉक्टरची गरज. त्या अभ्यासात निम्म्याच्या आसपास बायकांनी आपल्याला तक्रारच नाही असे सांगितले होते. तपासल्यावर रोग सापडत होते. दुखणे बाईच्या जातीला चिकटलेलेच असते अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची होती, आणि राणी बंगांनी पुढे ‘कानोसा’ या पुस्तकात त्याच बायकांची समजूत, भीती आणि शब्द मांडले.

मोजले न गेलेल्या दुखण्याचे काय होते हे बीडने दाखवले. २०१९ मध्ये ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणे बाहेर आली आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. बाई यायची ती पोटात दुखते, कंबर भरून येते, पांढरे जाते म्हणून. कॅन्सर होईल अशी भीती घातली जायची आणि पंचविशी-तिशीत पिशवी जायची. पाळी आली तर खाडा होतो, खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, हा हिशोब पाठीमागे होताच. गुजरातही यात मागे नाही. अहमदाबादच्या ‘सेवा’ या संस्थेच्या विमा योजनेत पिशवी काढण्याचे दावे इतके येऊ लागले की संस्थेला त्याचा वेगळा अभ्यास करावा लागला. शिरा तुंबल्या असोत की स्नायू आवळलेले, पिशवी काढून ते दुखणे जाईलच असे नाही. बाई मात्र हाडे ठिसूळ व्हायच्या वाटेला लवकर लागते, विशेषतः अंडाशयही काढले असेल तर.

आजच्या कतारगाममध्ये या सगळ्या कहाणीतली माणसे एकत्र भेटतात. १९६०-७० नंतर सौराष्ट्रातले पाटीदार हिऱ्यांच्या घंटीवर आले. जगातले बहुतेक हिरे आज सुरतेत पैलू पाडून जातात. तापी व्हॅली रेल्वेने १९०० च्या सुमारास सुरत अमळनेरला जोडली आणि तेव्हापासून खानदेशी माणसाला पोटापाण्यासाठी सुरत जवळची झाली. त्यांच्या मोठ्या वसाहती लिंबायत-उधना भागात, पण मराठी घरे शहरभर. पुरुष कारखान्यात, बाई घरी. तिच्या मांडीवर साडीचा पदर ताणलेला, समोर वाटीत खडे आणि टिकल्या, बोटाला गोंद, एक पाय दुमडलेला. किंवा हातात छोटी कात्री घेऊन मशीनच्या भरतकामाचे उलट बाजूचे धागे कापणे. दराने पैसे मिळतात, म्हणून उठायचे नाही. चाळीतला संडास सामाईक, म्हणून लघवी धरून ठेवायची. तासन्‌तास आवळून बसणे आणि लघवी दाबणे ही दोन्ही ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना कायम ताणलेले ठेवतात. मग रात्री त्याच स्नायूंनी सैल व्हावे ही अपेक्षा!

एका गोष्टीचा मला राग आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये वेड रोड-कतारगामच्या पट्ट्यात प्लेगची बातमी फुटली तेव्हा लाखो माणसे शहर सोडून पळाली, अनेक देशांनी विमाने थांबवली, आणि पुढच्याच वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले तेव्हा सुरत घासूनपुसून उभी राहिली. साथ दिसते म्हणून शहर हलले. बायकांचे ओटीपोट त्याआधीही दुखत होते, नंतरही दुखत राहिले. त्यासाठी कुणी एक गटारसुद्धा उपसले नाही. आणि ज्या दाव्याने रखमाबाईंना तुरुंगाच्या दारात नेले, तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून आजही आहे. त्याच वर्षी, २५ सप्टेंबरला, रखमाबाई वारल्या. नांदायला नकार देणाऱ्या बाईला कोर्ट अजून विचारते की ‘वाजवी कारण’ काय; दुखते हे कारण तिने कसे सिद्ध करावे?

उपाय आज आहेत आणि ते अवघड नाहीत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट ते सैल सोडायला शिकवतात. उभे करून किंवा जोर करायला लावून केलेल्या डॉप्लर सोनोग्राफीत फुगलेल्या शिरा दिसतात, आणि मांडीतून किंवा मानेतून नळी घालून त्या बंद करता येतात. पिशवीला हात लावावा लागत नाही. एंडोमेट्रिओसिसला औषधे आहेत, क्षयाला औषधे आहेत. ज्यांच्यात सगळे नॉर्मल आहे आणि ठणका न ओसरलेल्या रक्ताचा आहे, त्या जोडप्याला एका मोकळ्या बोलण्याने फरक पडतो. त्यासाठी नवऱ्यालाही खोलीत बोलवावे लागते आणि सासूला बाहेर ठेवावे लागते.

कतारगाम हा आज सुरत महानगरपालिकेच्या उत्तर झोनचा भाग आहे. तिथल्या शहरी आरोग्य केंद्रांत बाईचा रक्तदाब घेतात, शेवटची पाळी कधी आली ते विचारतात, गर्भनिरोधक कोणते ते लिहून घेतात. त्या कागदावर आणखी तीन प्रश्न मावतात : ओटीपोटात कधी दुखते, पाळीत, उभे राहिल्यावर, की जवळीक होताना? जवळिकीच्या आधी सुरू होते, मध्ये, की नंतर? किती वेळ राहते? हे प्रश्न नर्सने गुजरातीत, मराठीत, अहिराणीत, हिंदीत, सगळ्यांना सारखेच विचारावेत, पाळीची तारीख विचारते त्याच आवाजात, आणि उत्तराच्या पुढे ‘नॉर्मल’ लिहिण्याआधी बाईला उभी करून एकदा सोनोग्राफी करावी.